मध्यावधी म्हणजे सरकार पडलं का? अमेरिकेतली निवडणूक आणि महागाईचा राग

मागच्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक झाली. हिशोब झाला, सह्या झाल्या आणि चहा येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. एका ताईंना त्यांच्या मुलाने मोबाइलवर बातमी दाखवली होती, की अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये मध्यावधी निवडणूक आहे. ताईंनी विचारलं, "म्हणजे तिथलं सरकार पडलं का हो?" दुसरी म्हणाली, "पडलंच असेल, रोज भांडणं दाखवतात टीव्हीवर." तिसरी वैतागून म्हणाली, "आपल्याला काय करायचंय त्यांच्याशी? आपला गॅस कधी स्वस्त होणार ते सांगा आधी."

सरकार काही पडलेलं नाही. पण तिसऱ्या ताईंचा गॅस आणि अमेरिकेतली ही निवडणूक, दोन्हींत प्रश्न एकच आहे. घरखर्च भागत नाही म्हणून राग येतो. तो राग नेमका कुणावर काढायचा? तिथल्या बाया सध्या याच प्रश्नाशी झगडताहेत, म्हणून या अंकात त्याबद्दल थोडं सविस्तर.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे मध्यावधी म्हणजे मुदत संपायच्या आधी लागलेली निवडणूक. सरकारने बहुमत गमावलं किंवा सभागृह लवकर बरखास्त झालं की ती लागते. १९७१ साली लोकसभेची निवडणूक वर्षभर आधीच घेतली गेली. १९८० च्या जानेवारीतली तर जुन्या बायांना अजून आठवते, कारण तेव्हा कांद्याचा भाव प्रचारात गाजला होता. जनता पक्षाचं सरकार अडीच वर्षांतच कोसळलं होतं. त्याच वर्षी महाराष्ट्रातलं सरकारही बरखास्त झालं आणि विधानसभेची निवडणूक लागली. म्हणून आपल्या कानाला 'मध्यावधी' म्हटलं की 'पडलं' असंच ऐकू येतं.

अमेरिकेत तसं नाही. तिथं ही निवडणूक ठरलेलीच असते, पंचांगातल्या सणासारखी. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी निवडतात. त्यांच्या मुदतीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे दोन वर्षांनी, तिथल्या संसदेची निवडणूक होते. म्हणून ती मध्यावधी. तिथल्या संसदेला काँग्रेस म्हणतात. नावावरून गोंधळ नको, तो पक्ष नाही. त्यात दोन सभागृहं. खालच्या सभागृहात ४३५ जण, आणि त्या सगळ्यांना दर दोन वर्षांनी लोकांसमोर जावं लागतं. वरच्या सभागृहाचं नाव सिनेट. तिथं प्रत्येक राज्याचे दोन असे १०० जण, सहा-सहा वर्षांसाठी, आणि दर दोन वर्षांनी त्यातल्या साधारण एक तृतीयांश जागांची निवडणूक. या वर्षी मतदान ३ नोव्हेंबर २०२६ ला आहे. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांची खुर्ची त्या दिवशी मतदानाला नाही. निकाल काहीही लागला तरी ते राष्ट्राध्यक्ष राहतील. पण पैसे मंजूर करणारे, कायदे करणारे आणि त्यांना जाब विचारणारे लोक बदलू शकतात. आपल्या भाषेत सांगायचं तर अध्यक्ष त्याच, पण सही करणारी कार्यकारिणी मध्येच बदलली. मग अध्यक्षांना मनासारखा ठराव करून घेणं अवघड.

जाता जाता एक गंमत. हे मतदान कायम मंगळवारीच असतं, नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी. हा कायदा १८४५ चा. तेव्हा बहुतेक लोक शेतकरी. नोव्हेंबरपर्यंत सुगी आटोपलेली. रविवार चर्चचा, बुधवार बऱ्याच ठिकाणी बाजाराचा. सोमवारी घोडागाडी जुंपून निघायचं आणि मंगळवारी मत द्यायचं. आता घोडागाड्या गेल्या, मंगळवार मात्र राहिला, आणि देशभर त्या दिवशी सुट्टी नसते. रोजंदारीवरच्या बाईला कामाची वेळ सांभाळून रांगेत उभं राहावं लागतं. आपल्याकडे मतदानाला पगारी सुट्टी असते, ती किती मोलाची ते यावरून कळतं. तिथं बऱ्याच राज्यांत टपालाने किंवा आधीच्या दिवसांत जाऊन मत देता येतं, तेवढी सोय आहे.

सत्तेवरच्याला फटका ठरलेला

या मध्यावधीत एक गोष्ट इतक्या वेळा घडली आहे की तिथले लोक ती धरूनच चालतात. राष्ट्राध्यक्ष ज्या पक्षाचा, त्या पक्षाच्या जागा कमी होतात. १९३४ पासून बघितलं तर खालच्या सभागृहात याला अपवाद तीनच, १९३४, १९९८ आणि २००२. बाकी प्रत्येक वेळी फटका. १९९४ मध्ये बिल क्लिंटन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या ५४ जागा गेल्या. २०१० मध्ये बराक ओबामांच्या त्याच पक्षाच्या ६३ गेल्या. २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाला सुमारे ४० जागांचा फटका बसला. म्हणजे पक्ष कुठलाही असो.

असं का होतं? एक कारण आपल्याला घरबसल्या कळण्यासारखं आहे. जिची कामं झाली ती बैठकीला येत नाही. जिचं कर्ज अडलं ती सगळ्यांच्या आधी येऊन बसते. मध्यावधीत मतदान कमी होतं. २०१४ साली शंभरातल्या जेमतेम ३६ मतदारांनी मत दिलं होतं. २०१८ ला ते साधारण ५० वर गेलं, तर केवढं जास्त झालं असं तिथं बोललं गेलं. कमी लोक येतात तेव्हा जे येतात त्यांचं वजन वाढतं, आणि रागावलेला माणूस नक्की येतो. दुसरं कारण असं, की दोन वर्षांपूर्वी दिलेली आश्वासनं तोवर तपासता येतात. डाळीचा, दुधाचा भाव काय झाला ते बाईला तोंडपाठ असतं.

सध्या खालच्या सभागृहातलं अंतर अगदी थोडं आहे. २०२४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन २२० आणि डेमोक्रॅट २१५ असा निकाल लागला. बहुमताला २१८ लागतात. दोन-तीन जागा इकडच्या तिकडे झाल्या की सभागृह फिरतं. म्हणून दोन्ही पक्ष एवढे इरेला पेटलेत.

अंड्यांचं भांडण

आता राग कशाचा ते बघू. मुख्य राग महागाईचा. करोनानंतर तिथं भाव भडकले आणि जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला. चाळीस वर्षांत तिथं असं झालं नव्हतं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते जो बायडेन, डेमोक्रॅटिक पक्षाचे. रिपब्लिकन म्हणाले, सरकारने पैसा वाटला म्हणून भाव चढले. डेमोक्रॅट म्हणाले, साथीमुळे कारखाने आणि जहाजं अडकली, त्यात युक्रेनचं युद्ध, आणि मोठ्या कंपन्यांनी संधी साधून नफा काढला. भांडण दोन वर्षं चाललं आणि २०२४ मध्ये ट्रम्प 'भाव खाली आणू' म्हणत परत निवडून आले.

मग अंड्यांची पाळी आली. तिथं सकाळच्या न्याहारीला अंडं म्हणजे आपल्याकडे चहासोबतची पोळी समजा. मार्च २०२५ मध्ये डझनाचा सरासरी भाव सहा डॉलरच्या वर गेला. जानेवारीपर्यंत रिपब्लिकन म्हणत होते, ही बायडेनची महागाई. मार्चमध्ये डेमोक्रॅट म्हणू लागले, ही ट्रम्पची महागाई. खरं कारण कोंबड्यांमध्ये होतं. बर्ड फ्लूच्या साथीत कोट्यवधी कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. आपल्यातल्या ज्या ताई कोंबडीपालन करतात त्यांना हे समजावून सांगायला नको. मेलेल्या कोंबडीच्या जागी तलंग वाढून अंड्यावर यायला पाच महिने लागतातच, मग राष्ट्राध्यक्ष कुणी का असेना. पुढे साथ ओसरली, अंडी स्वस्त झाली आणि श्रेय घ्यायला पुढारी हजर झाले.

मला हा अंड्यांचा किस्सा फार बोलका वाटतो. सरकारला यात काहीच करता येत नव्हतं असंही नाही. रोगाची तपासणी, शेतकऱ्याला भरपाई, बाहेरून अंडी आणणं, ही सरकारचीच कामं. पण भांडण त्यावर फारसं झालंच नाही. भांडण झालं नावावर.

आयातकराचं मात्र वेगळं आहे. तिथं निर्णय कुणाचा हे स्पष्ट आहे. ट्रम्प सरकारने २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या मालावर मोठे कर लावले. भारतीय मालावरचा हा जादा कर गेल्या वर्षी २७ ऑगस्टला ५० टक्क्यांवर गेला. कोळंबी, कपडे, गालिचे, मुंबईच्या सीप्झमध्ये घडणारे दागिने, सगळ्यांना त्याची झळ लागली. सरकारचं म्हणणं असं, की बाहेरचा माल महाग झाला की कारखाने आपल्या देशात येतील आणि आपल्या लोकांना काम मिळेल. विरोधकांचं म्हणणं असं, की हा कर परदेशी माणूस भरत नाही. माल बंदरात उतरला की तो मागवणारा तिथलाच व्यापारी तो भरतो आणि मग गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. कर कोण भरतं याबद्दल विरोधकांचं म्हणणं बरोबर आहे. कारखाने येतील का, याचं उत्तर मिळायला वर्षं जातील. बाईला मात्र किराणा याच आठवड्यात भरायचाय.

गेल्या वर्षी ४ नोव्हेंबरला काही राज्यांत निवडणुका झाल्या. व्हर्जिनियात ॲबिगेल स्पॅनबर्गर आणि न्यू जर्सीत मिकी शेरिल, या दोघी डेमोक्रॅट बाया गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. गव्हर्नर म्हणजे तिथला मुख्यमंत्रीच. व्हर्जिनियाला बाई गव्हर्नर पहिल्यांदाच मिळाली. शेरिल यांच्या प्रचारात वीजबिल होतं, बिल वाढू देणार नाही असं त्या सांगत होत्या. न्यूयॉर्क शहरात महापौर झाले जोहरान ममदानी, त्यांची आई म्हणजे चित्रपट बनवणाऱ्या मीरा नायर. त्यांनी घरभाडं गोठवायचं आणि बस फुकट करायची असं सांगितलं होतं. एसटीत अर्ध्या तिकिटात फिरणाऱ्या आपल्या बायांना त्यात नवल वाटायचं कारण नाही, पण तिथं त्यावर जोरदार वाद झाला. पैसा कुठून आणणार, हा प्रश्न विरोधकांनी विचारला, आणि तो रास्तच होता.

या निकालानंतर दहा दिवसांत, १४ नोव्हेंबरला, ट्रम्प सरकारने कॉफी, चहा, केळी, टोमॅटो, मसाले, गोमांस अशा बऱ्याच खाण्याच्या वस्तूंवरचे नवे कर काढून टाकले. त्यात आपल्याकडून जाणारे मसाले आणि चहाही आले. सरकारने सांगितलेलं कारण वेगळं होतं, की यातल्या बऱ्याच वस्तू आमच्याकडे पुरेशा पिकतच नाहीत. पण त्या पिकत नाहीत हे काय आधी माहीत नव्हतं? लोकांच्या रागाला पत्ता बरोबर सापडला की निवडणुकीच्या वर्षभर आधीसुद्धा त्याचा उपयोग होतो, एवढं त्यातून दिसलं.

भांडण पुढाऱ्यांचं, रेशन बाईचं

आता त्यातला सगळ्यात वाईट भाग. दोन पक्ष हट्टाला पेटले की काय होतं ते गेल्या ऑक्टोबरात दिसलं.

तिथं सरकारी खर्चाला दर वर्षी काँग्रेसची मंजुरी लागते. १ ऑक्टोबरला नवं आर्थिक वर्ष सुरू होतं. तोवर मंजुरी झाली नाही तर बरीच सरकारी कामं थांबतात. रिपब्लिकन पक्षाकडे दोन्ही सभागृहांत बहुमत होतं. मग अडलं कुठं? सिनेटमध्ये बहुतेक ठराव पुढे न्यायला १०० पैकी ६० मतं लागतात आणि त्यांच्याकडे होती ५३. डेमोक्रॅटांनी अट घातली. दोन कोटींहून जास्त लोकांना आरोग्यविम्याच्या हप्त्यासाठी सरकारची वाढीव मदत मिळत होती, ती डिसेंबरमध्ये संपणार होती. ती चालू ठेवा, तरच मत देऊ. रिपब्लिकन म्हणाले, ती मदत करोनाच्या काळातली, तात्पुरती होती, तिला फार पैसा लागतो. आधी सरकार सुरू करा, मग बोलू.

दोघांच्या म्हणण्यात काही ना काही तथ्य होतं, आणि दोघांपैकी कुणीच हटलं नाही. ४३ दिवस सरकार बंद राहिलं. इतकं लांबलेलं बंद तिथं आधी कधी झालं नव्हतं. लाखो सरकारी नोकर पगाराविना. विमानतळावर विमानं उतरवणारे कर्मचारी बिनपगारी काम करत होते, मग विमानंही कमी करावी लागली.

आणि रेशन. तिथं गरिबांना धान्य देत नाहीत, दर महिन्याला एका कार्डावर पैसे येतात आणि त्यातून दुकानातलं खाणं घ्यायचं. तेव्हा साधारण ४ कोटी २० लाख लोक या कार्डावर होते, म्हणजे दर आठ माणसांत एक. श्रीमंत देशातला हा आकडा वाचून मी दोनदा तपासला. नोव्हेंबर उजाडला आणि पैसे जमा झाले नाहीत. कोर्टकज्जे झाले. काही राज्यांत पैसे आधी आले, काहींत थोडेच आले, काहींत आलेच नाहीत. फुकट अन्न वाटणाऱ्या केंद्रांपुढे रांगा लागल्या. आपल्याकडे पॉस मशिनवर अंगठा उमटत नाही म्हणून दुकानदार परत पाठवतो, तेव्हा चुलीपाशी काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. तिथं अंगठा उमटत होता, कार्डही चालू होतं, पैसेच नव्हते.

१२ नोव्हेंबरला बंद संपलं. डेमोक्रॅटांच्या बाजूचे आठ सिनेटर फुटून रिपब्लिकनांसोबत गेले आणि मंजुरी झाली. विम्याच्या मदतीचं वचन त्यात नव्हतं. ती डिसेंबरअखेर संपली. या नोव्हेंबरच्या प्रचारात दोन्ही पक्ष याच ४३ दिवसांकडे बोट दाखवतील. एक म्हणेल, त्यांनी तुमचं रेशन अडवलं. दुसरा म्हणेल, आम्ही तुमच्या दवाखान्यासाठी लढत होतो.

हद्दी आखणारे हात

आपल्या गावात वॉर्डरचनेवरून किती वाद होतात ते आठवा. अमुक गल्ली या वॉर्डात का घातली, तमुक वस्ती तिकडे का ढकलली. अमेरिकेत हाच वाद देशपातळीवर चाललाय. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेच्या मतदारसंघांच्या हद्दी आखायला स्वतंत्र आयोग नेमतात. तिथं बहुतेक राज्यांत त्या राज्याची विधानसभाच आखते, म्हणजे ज्या पक्षाचं राज्य त्याच्या हातात खडू. विरोधी मतदार एकाच मतदारसंघात कोंबायचे, नाहीतर चार ठिकाणी विखरून टाकायचे. ही खोड जुनी आहे, १८१२ पासून तिला खास नावसुद्धा आहे. एरवी हद्दी दहा वर्षांनी, जनगणनेनंतर बदलतात. पण गेल्या ऑगस्टमध्ये टेक्सास राज्याने मध्येच नकाशा बदलला, रिपब्लिकनांना पाच जागा जास्त मिळाव्यात म्हणून. उत्तरादाखल कॅलिफोर्नियाने नोव्हेंबरात लोकांचं मत घेऊन आपला नकाशा बदलला, डेमोक्रॅटांना पाच जागा जास्त मिळाव्यात म्हणून. त्याने केलं म्हणून मी केलं. सासू-सुनेच्या भांडणातसुद्धा एवढा उघड हिशोब नसतो.

याचा तोटा असा, की बऱ्याच मतदारसंघांत निकाल आधीच ठरून जातो. मग पुढाऱ्याला समोरच्या पक्षाच्या माणसाची मनधरणी करावीच लागत नाही. आपल्याच पक्षातल्या कडव्या लोकांना खूश ठेवलं की झालं. भांडण वाढण्याचं हे एक मोठं कारण आहे. तिथल्या पाहण्यांत दहातले चार जण स्वतःला कुठल्याच पक्षाचं म्हणवत नाहीत. दोन्ही पक्षांवर नाराज असलेल्यांना आपल्यासारखा 'नोटा' मात्र नाही. फक्त नेवाडा नावाच्या एका राज्यात, राज्यभराच्या निवडणुकांसाठी, तशी सोय १९७५ पासून आहे.

राग एकाच गोष्टीचा असतो असंही समजू नका. २०२२ च्या मध्यावधीत महागाई एवढी होती, की डेमोक्रॅट पार झोपणार असंच सगळे धरून चालले होते. पण जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा जवळपास ५० वर्षांचा देशव्यापी हक्क काढून घेतला आणि निर्णय राज्यांवर सोडला. (आपल्याकडे हा कायदा १९७१ पासून आहे आणि २०२१ मध्ये तो आणखी सुधारला.) ऑगस्टमध्ये कॅन्सस या शेतकऱ्यांच्या, रिपब्लिकन वळणाच्या राज्यात त्यावर थेट लोकांचं मत घेतलं. शंभरातल्या साधारण ५९ जणांनी हक्क राहू द्या म्हणून सांगितलं. म्हणजे नेहमी रिपब्लिकनांना मत देणाऱ्या कितीतरी घरांतून या एका प्रश्नावर वेगळं मत पडलं. नोव्हेंबरात खालचं सभागृह थोडक्यात रिपब्लिकनांकडे गेलं, सिनेट डेमोक्रॅटांनी राखलं. ठरवून टाकलेली लाट आलीच नाही. बायांनी महागाईचा राग आणि हक्काचा राग वेगवेगळा मोजला होता. त्याच निवडणुकीत बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे श्री ठाणेदार मिशिगनमधून पहिल्यांदा निवडून गेले.

चहाच्या वेळचं भांडण

निवडणुकीनंतर तीनेक आठवड्यांनी, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, तिथं थँक्सगिव्हिंग नावाचा सण असतो. सगळं घर एका टेबलाशी जेवतं, आपल्या दिवाळीच्या फराळासारखं. बऱ्याच घरांत आता आधीच बजावून ठेवतात, की जेवताना राजकारण काढायचं नाही. भाऊ एका पक्षाचा, बहीण दुसऱ्या पक्षाची, आणि सण फुकट जायला नको.

हे वाचून हसू येतं, पण आपल्याकडे काय वेगळं आहे? निवडणूक आली की गटाच्या व्हॉट्सॲपवर हप्त्याच्या तारखेऐवजी पुढाऱ्यांचे फोटो पडायला लागतात. एकीच्या नवऱ्याने एका पक्षाचं पॅनल धरलेलं, दुसरीच्या दिराने दुसऱ्याचं. मग बैठकीला कोण आली नाही, कुणी कुणाच्या कर्जाला हरकत घेतली, यामागे पक्ष दिसायला लागतो. ज्या गटाने दहा वर्षं बचत केली तो दोन महिन्यांच्या प्रचारात फुटलेला आपल्यातल्या कितीजणींनी पाहिलाय. बाईने कुठल्याही पक्षाचं काम करावं, हवं तर निवडणुकीला उभं राहावं. त्यात वावगं काही नाही, उलट बरंच आहे. पण गटाची वही, गटाचा पैसा आणि गटाची बैठक कुठल्याच पक्षाची नाही. महासंघाचं म्हणणं पहिल्यापासून हेच आहे.

तक्रार मात्र बैठकीत जरूर काढावी, कारण महागाईवर बोलायचं नाही असं ठरवलं तर बैठकीत उरलं काय? चहाच्या वेळच्या त्या चर्चेत शेवटी आम्ही एक केलं. लेखापाल ताईंनी पाठकोरा कागद घेतला आणि ज्याचा ज्याचा राग येतो ते एकेक करून लिहिलं. गॅस, तेल, वीजबिल, नळाला एक दिवसाआड पाणी, रेशनला अंगठा, अंगणवाडीचं गळकं छप्पर, टोमॅटोला भाव नाही. मग प्रत्येकापुढे लिहायला बसलो, की हे कुणाच्या हातात आहे. आणि तिथं गाडी अडली. गॅसच्या भावापुढे 'ग्रामपंचायत' असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. पण वीजबिलाचा दर नेमका कोण ठरवतं, हे आमच्यातल्या एकीलाही धड सांगता येईना. आमदार म्हणावं की कंपनी? मग मोबाइलवर शोधलं. दर ठरवतो तो राज्याचा वीज नियामक आयोग. दरवाढ करायच्या आधी त्याला लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, आणि आपल्याला त्या पाठवता येतात. सरपंचांवर वर्षभर काढलेला राग बिचाऱ्यांनी उगीच झेलला होता.

सरपंचांचे हात झटकायलाही कारण नाही. पाणी आणि अंगणवाडीचं छप्पर त्यांच्या पुढ्यातच येतं. गॅस दिल्लीचा. रेशनचं तहसीलच्या पुरवठा शाखेत. टोमॅटोपुढे बराच वेळ चर्चा झाली. बाजार समिती, पाऊस, व्यापारी, सरकारचं निर्यातीचं धोरण, सगळीच नावं निघाली आणि शेवटी ती ओळ तशीच मोकळी ठेवली.

तोवर चहा गार झाला होता. कागद ग्रामसंघाच्या फाइलीत लावलाय. त्यातल्या पाण्याच्या आणि छपराच्या दोन ओळी येत्या ग्रामसभेत अर्ज म्हणून जाणार आहेत. खाली सह्या सगळ्यांच्या आहेत, दोन्ही पॅनलांच्या घरांतल्या.